एक रात्र कोरी ठेव

चिमे,

तुझा कोकणचा तक्ता बघितला. चार दिवस, तासातासाचा हिशोब, आणि चारही रात्रींचे पैसे आगाऊ भरलेले. अगं, सहलीला निघालीयस की बोर्डाच्या परीक्षेला? फुरंगटू नकोस. तक्त्यात 'चहा : १५ मिनिटं' असं लिहिणारी तुझी हीच ताई होती, विचार तुझ्या भाऊजींना.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते हरिहरेश्वरला. फोटोतला समुद्र बघून एका ठिकाणी खोली घेतली होती. समुद्र दिसायचा गं, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून, तोसुद्धा बादली पालथी घालून वर उभं राहिल्यावर. गादीला ओल, भिंतीला पोपडे. पैशांवर पाणी सोडलं आणि दुपारीच बाहेर पडलो. बागमांडल्याला फेरीबोट लागलेली. गाडीसकट चढलो. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. भाऊजी गप्प होते. त्यांचं गप्प बसणं तुला माहीत आहेच. मग मीच तिकीट फाडणाऱ्या दादांना विचारलं, "इथे जवळपास कुणाकडे राहायची सोय होईल का हो?"

"वेळासला होईल की. पण आता कासवं नाहीत हां!"

नोव्हेंबर होता. म्हटलं, कासवं नसू देत, उशी असली म्हणजे झालं.

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. आता मात्र लोक ओळखतात ते कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती चोरीला जायची. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं समुद्राकडे सोडतात. ती बघायला शहरातून माणसं यायला लागली, आणि गावात हॉटेल कुठलं? मग लोकांनी आपलीच घरं उघडली. पडवीत गाद्या पडल्या, चुलीवर मोठी पातेली चढली. पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे म्हणतात ते राहू दे, पण इथल्या काही घरांचा थोडाफार संसार नक्की आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ज्यांच्याकडे सोय झाली त्या काकू अंगणात सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. "पाय धुवा आधी," एवढंच म्हणाल्या. खोली साधी. दोन कॉट, धुतलेल्या चादरी, दाराला आतून दणकट कडी. (ही कडी आधी बघायची, चिमे. मग खिडकीतली बाग.) रात्री मऊभात, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड. वीज गेली तर कंदील तयार. रातकिड्यांच्या आवाजात तुझे भाऊजी घोरत होते आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

सकाळी मात्र मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसकण मारली. काकू घावन घालत होत्या. बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवलं, पीठ तळापासून ढवळलं आणि वाटीने कडेकडून आत असं ओतलं की चर्र झालं आणि क्षणात जाळी पडली. वर झाकण. मी म्हटलं, माझं तव्याला चिकटतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पीठ घट्ट करत असशील. ताकासारखं हवं." वीस वर्षं चिकटलेलं घावन त्या एका वाक्याने सुटलं बघ. हे कुठल्या खोलीच्या भाड्यात मिळतं, सांग.

म्हणून म्हणते, चारातली एक रात्र कोरी ठेव. पण वेडेपणा नको. मे महिना, दिवाळी, नाताळचा आठवडा, कासवांच्या दिवसांतले शनिवार-रविवार, तेव्हा हा खेळ खेळायचा नाही; गाडीत झोपावं लागेल. एरवी ऊन आहे तोवर शोधायला लाग. शेवटची फेरीबोट किती वाजता, ते आधी विचार. किराणावाल्याला विचार, देवळातल्या गुरवांना विचार, एसटीची वाट बघणाऱ्या बाईला तर नक्की विचार. कुणाचं घर स्वच्छ आणि कुणाच्या हाताला चव, हे ती बरोबर सांगते. काही घरांत सरकारी निवास-न्याहारी योजनेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. असलं तर छान. पण मी आधी मोरी बघते. आणि कुठे उतरलीयस ते आईला कळव. रेंज नसेल तर घरच्यांचा फोन माग, लाजू नकोस.

आणखी एक, तुला म्हणून सांगते. घासाघीस करू नकोस. मॉलमध्ये पाण्याच्या बाटलीला मुकाट पैसे मोजणाऱ्या आपण, पहाटे उठून नारळ खवणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांवरून वाद घालतो. माझ्या डोळ्यांदेखत एका जोडप्याने घातला. मला तोंड लपवावंसं वाटलं. ते घर आहे, हॉटेल नाही, हेही ध्यानात ठेव. रात्री अकराला चहा मागायचा नाही, आणि उकडीचे मोदक हवे असले तर आदल्या दिवशी सांगायचं.

आता तू काकूंचा नंबर मागशील. देणार नाही. फेरीबोटीवर विचार, कुणीतरी सांगेल. माझ्या काकू नाही मिळाल्या तर दुसऱ्या कुणी मिळतील. जेवायला मात्र पाचच्या आत सांग, त्यांना कुळथाचं पीठ शेजारून आणावं लागतं.

तुझी,
ताई