मुलांचे दृष्टिदोष : वेळीच तपासणी, वेळीच उपचार

फळ्यावरील अक्षरे ज्या विद्यार्थ्याला स्पष्ट दिसत नाहीत, तो बुद्धीने कमी नसतानाही अभ्यासात मागे पडतो. परंतु आपल्याला कमी दिसते, हे लहान मूल सहसा सांगत नाही. सर्वांना असेच दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. दोष एकाच डोळ्यात असेल, तर दुसऱ्या डोळ्याच्या बळावर सर्व व्यवहार चालू राहतात आणि घरातही कोणाला शंका येत नाही. म्हणून मुलांचे दृष्टिदोष मोठ्या माणसांनीच शोधून काढावे लागतात. आणि तेही योग्य वयात.

दोषांचे स्वरूप

वस्तूपासून येणारे प्रकाशकिरण पारपटल व भिंग यांतून जाऊन दृष्टिपटलावर एकत्र आले, म्हणजे स्पष्ट प्रतिमा उमटते. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब असल्यास प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते व दूरचे अस्पष्ट दिसते. ही निकटदृष्टिता होय. नेत्रगोल आखूड असल्यास दूरदृष्टिता उद्भवते. पारपटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसेल, तर कोणत्याही अंतरावरील आकृती वेडीवाकडी वा पुसट दिसते.

मुलांच्या डोळ्यांतील भिंग अतिशय लवचीक असते. जवळचे पाहताना स्नायूंच्या साहाय्याने ते फुगीर होते. यालाच समायोजन म्हणतात. दूरदृष्टिता असलेले मूल या शक्तीच्या जोरावर आपला दोष झाकू शकते. मात्र वाचनानंतर डोके दुखणे, डोळ्यांतून पाणी येणे, पुस्तकाचा कंटाळा करणे अशी लक्षणे दिसू लागतात. समायोजनाबरोबर दोन्ही डोळे आतल्या बाजूस वळत असल्याने, अशा ताणातून दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा तिरळा होऊ लागतो. या प्रकारचा तिरळेपणा अनेकदा केवळ योग्य चष्म्यानेच सरळ होतो. तिरळेपणा भाग्याचे लक्षण आहे किंवा वयाबरोबर आपोआप जाईल, हे दोन्ही समज घातक आहेत.

'आळशी डोळा'

दृष्टी डोळ्याइतकीच मेंदूवरही अवलंबून असते. एका डोळ्याकडून सतत अस्पष्ट प्रतिमा येत राहिली, तर वाढत्या वयातील मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीसेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले, की कोवळ्या वयात एक डोळा काही काळ बंद ठेवल्यास पुढे तो उघडूनही मेंदू त्याची नीट दखल घेत नाही. दृष्टीविषयक या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांतील मंददृष्टी अथवा 'आळशी डोळा' याच कारणाने निर्माण होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास उत्तम गुण येतो. त्यानंतरही काही मुलांत सुधारणा होते. परंतु यशाची शक्यता वयाबरोबर घटत जाते.

उपचार

पहिला उपचार चष्म्याचा. निकटदृष्टितेसाठी अंतर्गोल, तर दूरदृष्टितेसाठी बहिर्गोल भिंगे दिली जातात. मुलांची समायोजनशक्ती तीव्र असल्यामुळे डोळ्यांत औषध घालून, ती शिथिल करूनच नंबर काढणे इष्ट असते. औषधामुळे काही काळ अंधूक दिसते, याची कल्पना पालकांना द्यावी. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत निराधार आहे.

आळशी डोळ्यासाठी चष्म्याखेरीज चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुबळ्या डोळ्याला काम करावयास लावतात. सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयुक्त ठरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आढळले. पट्टीऐवजी काही मुलांत चांगल्या डोळ्यात औषधाचे थेंब घालतात. पट्टी किती तास व किती महिने, हे मात्र नेत्रतज्ज्ञानेच ठरवावे.

शाळेतील तपासणी

दृष्टितक्ता सहा मीटर अंतरावर, भरपूर उजेडात टांगावा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. दुसरा डोळा तळहाताने झाकावा, पण दाबू नये. बोटांच्या फटीतून मूल पाहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. अक्षरओळख नसलेल्या बालकांसाठी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या आकृत्यांचा तक्ता वापरावा. निर्दोष डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येणारी ओळ सहा मीटरवरूनही वाचता आली नाही, किंवा दोन डोळ्यांच्या दृष्टीत फरक आढळला, तर मुलाला नेत्रतपासणीसाठी पाठवावे. पुस्तक नाकाशी धरणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरकी ठेवणे, फळ्याजवळ जाणे, ही लक्षणेही नोंदवावीत. बाहुलीत पांढरी चमक दिसल्यास एक दिवसही विलंब करू नये.

गावाची जबाबदारी

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून राबविला जात असून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्याअन्वये फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात.

तथापि पथक येऊन गेले म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी ठेवावी. रुग्णालयात पाठविलेले मूल तेथे पोहोचले काय, चष्मा मिळाला काय आणि तो रोज वापरला जातो काय, याचा आढावा शाळा व्यवस्थापन समितीने घ्यावा. लग्नात अडचण येईल या भीतीने मुलींचा चष्मा पेटीत ठेवला जातो; चष्मेवाल्या मुलांची वर्गात थट्टा होते. येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांचा शब्द औषधाइतकाच मोलाचा ठरतो. अंगणवाडीत असतानाच ज्या बालकाच्या दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र तपासणी झाली, त्याच्या आयुष्यातील एक मोठी हानी टळू शकते. त्यासाठी लागतात एक तक्ता, सहा मीटर जागा आणि थोडी दक्षता.