दोन कामांमधील रिकामा काळ आणि गीतेचा कर्मयोग

मनुष्याच्या निर्वाहाची साधने काळाप्रमाणे पालटतात. निर्वाहाची चिंता मात्र पूर्वी होती तशीच आहे. आज भारतातील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ कोणत्याही एका कंपनीचे नोकर न होता संगणकाचे काम स्वतंत्रपणे करतात. कोणी पुण्यात वा बंगळूरूत, तर कोणी इंदूर किंवा कोइमतूर येथे आपल्या घरीच बसून दूरदेशीच्या ग्राहकांसाठी आज्ञावली लिहितो. काम सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या करारावर मिळते. तो करार संपला की पुढचा मिळेपर्यंत एक महिना जाईल की पाच, हे कोणालाही सांगता येत नाही. मोठ्या कंपनीत हाती काम नसलेला नोकर ‘बेंचवर आहे’ असे म्हणतात, व काही काळ तरी त्याचे वेतन चालू राहते. स्वतंत्र काम करणाऱ्यास असा आधार नसतो. त्याचे घर हेच त्याचे बाक आणि घरातील शिल्लक हेच त्याचे वेतन.

या रिकाम्या काळात गृहस्थावर दोन संकटे येतात. एक द्रव्याचे व दुसरे मनाचे. द्रव्याचे संकट दिसते, म्हणून त्यावर उपाय शोधला जातो. मनाचे संकट दिसत नाही. प्रथम आठ दिवस विश्रांती म्हणून जातात. मग उठण्याची वेळ टळू लागते, स्नान-संध्या लांबते, दर घटकेला टपाल पाहण्याची सवय जडते, आणि रात्री झोप येत नाही. शेजारी सहज विचारतो, “सध्या घरीच का?” आणि तो साधा प्रश्न काट्यासारखा बोचतो. अठराव्या अध्यायाच्या पस्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी तामसी धृतीचे जे लक्षण सांगितले आहे, ते येथे तंतोतंत लागू पडते. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद ही जी धृती सोडू देत नाही ती तामसी. म्हणजे मनुष्य दुर्बळ झाला म्हणून खचतो असे नव्हे. त्याचा निग्रह शाबूत असतो, परंतु तो आपल्या दुःखालाच घट्ट धरून बसण्यात खर्ची पडतो.

यावर उपाय दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात आहे. हा श्लोक बहुतेकांना पाठ असतो; पण लक्षात राहतो तो त्याचा पूर्वार्ध. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, एवढे सांगून लोक थांबतात. श्लोकाला चार अंगे आहेत. कर्मावर अधिकार आहे. फळावर केव्हाही नाही. कर्मफळाचे कारण आपण आहोत असे मानू नये. आणि अकर्माविषयीही आसक्ती नसावी. यांतील चौथे अंग जणू रिकाम्या काळासाठीच सांगितले आहे. करार संपला म्हणजे ग्राहकाचे काम संपले, कर्तव्य संपले नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी नियत कर्म करण्याची आज्ञा दिली, ती मोबदला मिळत असेल तेव्हाच, अशी अट घालून नव्हे.

येथे एक शंका निघते. फळाची आसक्ती नको, तर केलेल्या कामाचे पैसे मागावेत की नाही? या शंकेचे समाधान स्पष्ट आहे. ठरलेला मोबदला मागणे ही आसक्ती नव्हे. तो व्यवहारधर्म आहे. त्या पैशावर वृद्ध माता-पित्यांचे औषध आणि मुलांचे शिक्षण अवलंबून असते. आसक्ती ती, की जिच्यामुळे पैसा वेळेवर आला नाही तर मनुष्य जेवणावर रागावतो किंवा मुलांवर हात उगारतो. म्हणून करार लेखी करावा, बिल वेळेवर पाठवावे आणि थकलेल्या रकमेची शांतपणे आठवण द्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन भारतातील ग्राहकावर आहे. ज्याला हा हक्क ठाऊक नाही, तो कित्येकदा आपल्या अज्ञानालाच वैराग्य समजून बसतो.

दुसरा काटा आत्मनिंदेचा. “मीच अपात्र, म्हणून काम गेले,” असे मन म्हणू लागते. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर पाचव्या कारणाचे बळ कळते. जुन्या संगणकांत वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची रीत होती. त्यामुळे २००० साल हे १९०० समजले जाईल, हे भय उत्पन्न झाले, आणि त्या दुरुस्तीसाठी हजारो भारतीय तंत्रज्ञांना काम मिळाले. १ जानेवारी २००० उलटताच ते काम सरले. पुढे २००१ ची मंदी, २००८ चे आर्थिक अरिष्ट आणि २०२० ची महामारी आली. दरवेळी कुशल माणसांचीही कामे गेली. त्यांत त्यांचा दोष काय? सर्व कर्तृत्व आपलेच समजणारा यथार्थ पाहत नाही, असे त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे. हे यशाला जसे लागू, तसेच अपयशालाही लागू आहे. तथापि सर्व भार दैवावर टाकून स्वस्थ बसणेही चूक. कारण पाचांपैकी शरीर सांभाळणे, बुद्धी स्थिर ठेवणे, विद्या व साधने तीक्ष्ण ठेवणे आणि प्रयत्न करणे ही चार पुष्कळ अंशी आपल्या हाती आहेत.

आता द्रव्याचा विचार. नवव्या अध्यायात भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे अभिवचन आहे. जे मिळाले नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले राखणे हा क्षेम. पण हे अभिवचन अनन्य चिंतनाने नित्ययुक्त असणाऱ्यांस आहे, आळशास नव्हे. ज्या अर्जुनाला ते ऐकविले, त्याला धनुष्य खाली ठेवण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. शेतकऱ्याला दरमहा पीक येत नाही. तो सुगीचे धान्य कणगीत भरतो, बियाणे वेगळे काढतो आणि उरलेले वर्षभर पुरवितो. गावगाड्यातील बलुतेदारही सुगीला मिळालेल्या धान्यावर वर्ष काढीत असे. करारावर जगणाऱ्याने हीच रीत धरावी.

समजा, एका गृहस्थास वर्षात आठ महिने काम मिळाले आणि दरमहा १,५०,००० रुपये आले. एकूण प्राप्ती १२,००,००० रुपये झाली. यातून चौथा हिस्सा, ३,००,००० रुपये, कर आणि विम्याचे हप्ते यांसाठी प्रथमच वेगळा काढला. उरले ९,००,०००. ते आठांनी न भागता बारांनी भागावे. म्हणजे दरमहा ७५,००० रुपये होतात. घरखर्च ६०,००० रुपयांत बसविला तर महिन्याला १५,००० रुपये वाचतात आणि वर्षाअखेर १,८०,००० रुपयांची, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी, शिल्लक पडते. दोन वर्षांत सहा महिन्यांची बेगमी होते. ज्या महिन्यात दीड लक्ष येतात, त्या महिन्यात आपण दीड लक्षाचे धनी आहोत असे समजणे, हेच पुढील दैन्याचे मूळ.

मन आणि द्रव्य दोन्ही क्षीण झाली की मोहाची वेळ येते. न केलेल्या कामाचा अनुभव अर्जात लिहावा, कोणी काम देतो म्हणून आधी पैसे मागितले तर भरावेत, क्रेडिट कार्डावर भारी व्याजाचे कर्ज काढून पूर्वीचाच थाट राखावा, असे विचार येतात. विषयाच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे, ती येथे पहिल्याच कडीला तोडली पाहिजे. खोट्या अनुभवावर मिळालेले काम रोज नवे खोटे मागते. त्यापेक्षा कमी मोबदल्याचे पण खरे काम पत्करण्यात काही हीनता नाही.

या काळात घरातील मंडळींचाही धर्म आहे. कित्येक गृहस्थ करार संपल्याचे पत्नीपासून लपवितात व सकाळी पूर्वीप्रमाणे संगणकापुढे बसून राहतात. हे अनुचित आहे. पहिल्याच दिवशी पती-पत्नींनी एकत्र बसून शिल्लक आणि खर्च मांडावा. वाटून घेतलेली चिंता अर्धी होते. पत्नीनेही, तसेच आई-वडिलांनीही, सतराव्या अध्यायातील वाणीचे तप आचरावे. उद्वेग न उपजविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे ते तप. “शेजारच्याला बघा,” हे वाक्य खरे असले तरी प्रिय नाही आणि हितकरही नाही.

रिकाम्या काळाची दिनचर्या पुढीलप्रमाणे ठेवावी.

(१) उठणे, स्नान, उपासना, भोजन आणि निद्रा यांच्या वेळा कामाच्या दिवसांप्रमाणेच पाळाव्यात. सहाव्या अध्यायातील युक्त आहार-विहाराचा उपदेश केवळ योग्यांसाठी नाही.

(२) सकाळचे दोन तास विद्येला द्यावेत. या व्यवसायात जुने ज्ञान लवकर गंजते.

(३) पुढील दोन तास कामाच्या शोधाला द्यावेत. जुन्या ग्राहकांना व सहकाऱ्यांना संकोच सोडून लिहावे. ती वेळ संपली की उत्तराची वाट पाहणे बंद करावे. फळावरील अनधिकार तो हाच.

(४) जी घरकामे नेहमी पत्नीवर पडतात, त्यांतील काही आपल्याकडे घ्यावीत.

(५) दिवसातील थोडा वेळ अशा सेवेला द्यावा की जिचे बिल पाठवावयाचे नाही. एखाद्या गरीब विद्यार्थ्यास संगणक शिकविणे ही उत्तम सेवा आहे.

पावसाळ्यात प्रवास थांबत, म्हणून पूर्वीचे लोक चातुर्मास वाया गेला असे मानीत नसत. तो अध्ययनाचा आणि व्रताचा काळ समजला जाई. करार संपल्यानंतरचे महिनेही तसेच आहेत. काम असताना मनुष्य किती कुशल आहे हे जगाला दिसते. काम नसताना तो किती स्थिर आहे हे त्याच्या घराला दिसते. ज्याने सिद्धी आणि असिद्धी यांत सम राहण्याचा थोडाही अभ्यास या दिवसांत केला, त्याच्या हाती पुढचे काम येईल तेव्हा तो पूर्वीपेक्षा अधिक चांगला कारागीर असेल. आणि ते काम उशिरा आले, तरी त्याच्या घरातील दिवा आणि मुलांचे हसू विझणार नाही.