कुंडींतील खांब-निवडुंग

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, खाडीपलीकडे वसलेल्या कोन गांवीं मृग लागला म्हणजे भिंतींसही ओल येते. अशा ठिकाणीं वाळवंटांतील झाड जगेल काय? जगतें, परंतु तें मरतें तें बहुधा हयगयीनें नव्हे, तर अतिमायेनें. आमचें पहिलें झाड आम्हीं इतर फुलझाडांबरोबर रोज पाणी घालून वाढविलें. श्रावणांत तें बुडाशीं मऊ पडलें व एके सकाळीं आडवें झालें. उपटून पाहतों तों मुळें कुजलेलीं!

असें कां झालें? खांब-निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतला. त्याच्या पानांचे कांटे झाले असून पानांचें काम हिरवें खोडच करतें. खोडावरील उभ्या धारा भात्याप्रमाणें पाणी मिळतांच फुगतात व तुटवड्यांत आकसतात. अरिझोनांतील साग्वारो ह्याच रीतीनें ४० फुटांपर्यंत वाढतो. बहुतेक झाडें आपलीं सूक्ष्म श्वासरंध्रें दिवसा उघडतात. हें झाड तीं रात्रीं उघडतें व उन्हांत मिटून घेतें. ज्याचा खर्च इतका थोडा, त्यास रोजची मिळकत सोसत नाहीं.

आतां लागवड पाहूं. कांडें स्वच्छ सुरीनें कापून आठ-दहा दिवस सावलींत ठेवावें. जखम वाळून तिजवर खपली धरली म्हणजेच तें लावावें. मातीची कुंडी घ्यावी. तिच्या भोंकावर खापऱ्या ठेवाव्या. एक भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचें कुजलेलें खत व दोन भाग जाड वाळू असें मिश्रण भरावें. खाडीची वाळू खारी असते, ती घेऊं नये. मिश्रणांत काडी खुपसून पाहावी; ती अगदीं कोरडी निघाली तरच पाणी द्यावें. पावसाळ्यांत कुंडी पडवींत, पागोळ्यांपासून दूर, परंतु उजेडांत ठेवावी. अंधारांत खोड बारीक व फिकट होतें. पुढें तें एकदम कडक उन्हांत ठेवल्यास करपतें. म्हणून ऊन हळूहळू वाढवावें.

एक इशारा विद्यार्थ्यांस व पालकांस अवश्य द्यावासा वाटतो. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग दिसावयास ह्याचा भाऊ, परंतु तो एरंडाच्या कुळांतला. त्यास जखम होतांच पांढरा चीक वाहतो व तो डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. खऱ्या निवडुंगाचे कांटे लवदार ठिपक्यांतून निघतात व त्याचा रस पाण्यासारखा असतो. ओळख पटल्यावांचून कोणतेंही कांडें कापूं नये.

पुढील वर्षीं आम्हीं दुसरें कांडें लावलें आणि पावसाळाभर हात आवरला. अश्विनांत त्याच्या शेंड्यास कोंवळी हिरवी धार फुटलेली दिसली. बालमित्रहो, झारी उचलणें सोपें; ती वेळेवर खालीं ठेवणें हीच खरी राखण होय.