हृदयाची टिचबटणे आणि दाह

पायात काटा रुतला की काय होते, हे तुम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. थोड्याच वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. या घडामोडीला दाह म्हणतात. इजा झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. जंतूंना मारायचे, मेलेल्या पेशी दूर करायच्या आणि दुरुस्तीला हात घालायचा, ही त्यांची कामे. दाह हा मुळात आपला रक्षकच आहे.

पण काटा नाही, जंतू नाहीत, आणि तरीही हृदयाच्या स्नायूत दाह सुरू झाला तर? हे कोडे समजून घेण्यासाठी आपण ग्रीसमधील एका बेटावर जाऊ.

नॅक्सोस बेटावरील रुग्ण

एजियन समुद्रात नॅक्सोस नावाचे बेट आहे. तेथील काही कुटुंबांत जन्मतःच लोकरीसारखे केस असलेली मुले आढळली. मूल हातापायांचा वापर करू लागले, की त्याच्या तळहातांची व तळपायांची कातडी जाड होई. पुढे वयात येता येता हृदयाचे ठोके अनियमित पडू लागत आणि काहींना अचानक मृत्यू येई. डॉ. निकोस प्रोटोनोटारियॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. केस, कातडी आणि हृदय यांचा एकमेकांशी काय संबंध असावा?

याचे उत्तर २००० साली मिळाले. प्लॅकोग्लोबिन नावाचे एक प्रथिन कसे बनवायचे, याची सूचना ज्या जनुकात असते, त्या जनुकातील डीएनएची दोन अक्षरे या रुग्णांत गळालेली होती.

पेशींना जोडणारी बटणे

तुमचे हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरा. दिवसाचे होतात १,०३,६८०! प्रत्येक ठोक्याला स्नायूच्या पेशी ताणल्या जातात. तरी त्या एकमेकींपासून सुटत नाहीत, कारण त्यांच्यामध्ये सदऱ्याच्या टिचबटणांसारखे सूक्ष्म जोड असतात. त्यांना डेस्मोसोम म्हणतात. डेस्मोग्लीन हे प्रथिन पेशीच्या बाहेर येऊन शेजारच्या पेशीला धरते, तर प्लॅकोग्लोबिन आणि डेस्मोप्लाकिन ही प्रथिने आतून ती पकड घट्ट ठेवतात. असेच जोड कातडीत व केसांतही असतात. बटण कच्चे असले, तर जेथे ताण आणि घर्षण जास्त, तेथे ते आधी उसवणार. म्हणूनच तळहात, तळपाय आणि हृदय!

नॅक्सोसचा रोग होण्यास आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. डेस्मोसोमच्या इतर जनुकांतील दोषांमुळे होणारे असेच हृद्रोग जगभर आढळतात. त्यांपैकी अनेकांत एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो.

घंटा कोणी वाजवली?

या रोगांत स्नायूच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतू व चरबी साठते. त्यातून विद्युत्‌संदेश नीट जात नाहीत, म्हणून ठोक्यांची लय बिघडते. मृत रुग्णांची हृदये सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तेथे पांढऱ्या पेशीही अनेकदा दिसत. मेलेल्या पेशींची साफसफाई करायला त्या आल्या असतील, असा अर्थ लावणे सोपे होते.

परंतु २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी वेगळेच चित्र दाखवले. त्यांनी रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयस्नायूच्या पेशी वाढवल्या. त्या बशीत रक्त नव्हते आणि पांढऱ्या पेशीही नव्हत्या. तरीसुद्धा या स्नायुपेशी दाहाची रसायने सोडत होत्या! म्हणजे धोक्याची घंटा पहारेकऱ्याने नव्हे, तर घरातल्याच माणसाने वाजवली होती. पेशीमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनांचा एक संच असतो. तो दाहाची जनुके चालू करतो. डेस्मोग्लीनमध्ये दोष असलेल्या उंदरांना हा संच रोखणारे रसायन दिल्यावर त्यांच्या हृदयातील व्रण कमी झाले आणि हृदयाचे काम सुधारले. यावरून दाह हा रोगाचा केवळ परिणाम नसून रोग पुढे ढकलणारा भागीदारही आहे, असे दिसते. अर्थात उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसांवरील उपचार नव्हे.

हे जाणून काय उपयोग?

समजा, पंधरा वर्षांच्या मुलाच्या छातीत दुखू लागले. स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन हे प्रथिन वाढते, तसे ते वाढलेले आहे. पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. ‘विषाणूमुळे हृदयाला सूज आली’ असे निदान होते, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. काही आठवड्यांत मुलगा बरा होतो. पण त्या दाहाच्या मुळाशी कच्चे बटण असेल तर दुखणे पुन्हा उलटू शकते. शिवाय त्याच्या भावंडांत तोच दोष असू शकतो आणि त्यांची तपासणी कोणीच करत नाही.

म्हणून अशा वेळी डॉक्टर घराण्याची माहिती विचारतात. कोणी तरुणपणी अचानक दगावले होते का? धावताना कोणी बेशुद्ध पडले होते का? गरजेप्रमाणे हृदयाचा विद्युत्‌आलेख, एमआरआय आणि जनुकांची तपासणी केली जाते. अतिश्रमाच्या खेळांनी हा रोग बळावतो. तो वेळीच कळला, तर खेळावर मर्यादा घालता येते, औषधे देता येतात आणि काहींच्या शरीरात लय सुधारणारे विद्युत्‌यंत्रही बसवता येते.

तेव्हा खेळताना शुद्ध हरपली किंवा छातीत विचित्र धडधड झाली, तर ती लाजेखातर लपवू नका. घरी सांगा, शिक्षकांना सांगा. शिक्षकांनीही ‘उन्हाने चक्कर आली असेल’ असे म्हणून विषय सोडून देऊ नये.

विचार करा

१. आई व वडील या दोघांकडेही प्लॅकोग्लोबिनचे एक सदोष आणि एक निर्दोष जनुक आहे. त्यांच्या अपत्याला नॅक्सोसचा रोग होण्याची शक्यता किती? चौकट आखून काढा.
२. या रोगात पाठीची कातडी जाड न होता तळहाताचीच का होते?
३. बशीतील प्रयोगात पांढऱ्या पेशी असत्या, तर वरील निष्कर्ष काढता आला असता का?