नाळ बांधण्याची वेळ आणि नवजात बालकाचे रक्त

यंत्रसामग्री व औषधे यांवरील खर्चाचा हिशेब आम्ही दरवर्षी देणगीदारांस सादर करतो. या लेखात मात्र ज्यासाठी एक रुपयाही लागत नाही, अशा एका उपचाराची माहिती देत आहोत. तो म्हणजे बाळ जन्मल्यावर नाळेस चिमटा लावण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबणे.

जन्मसमयी बाळाच्या वाट्याचे सुमारे एक तृतीयांश रक्त वार व नाळ यांत असते. जन्मानंतरही ते बाळाकडे वाहत राहते. पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर, तर तिसऱ्या मिनिटापर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त बाळास मिळते. नाळ तत्काळ बांधल्यास यातील बराचसा भाग वारेबरोबर टाकला जातो. मातेच्या दुधात लोह अल्प असते. त्यामुळे पहिले सहा महिने बाळाची भिस्त जन्मतः मिळालेल्या साठ्यावरच असते.

नाळ घाईने बांधणे अपायकारक आहे, असे इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी १८०१ मध्येच लिहिले होते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातेचा रक्तस्राव टाळण्याच्या उपायांबरोबर ही घाईही रूढ झाली. थांबल्याने मातेचा रक्तस्राव वाढत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस केली. २०१८ च्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातही या उपायाचा समावेश झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता या मिनिटांचे मोल कळून येईल.

अशा काही बालकांत कावीळ किंचित अधिक आढळते. म्हणून पहिले काही दिवस लक्ष ठेवणे आवश्यक असते. बाळास श्वासासाठी तातडीने साहाय्य लागल्यास किंवा मातेची प्रकृती गंभीर असल्यास नाळ लवकर बांधावी लागते. तो निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा असतो.

बाहेर प्रतीक्षा करणाऱ्या नातलगांस हा विलंब दुर्लक्षाचा वाटू नये. या अवधीत बाळास कोरडे करून मातेच्या पोटावर ऊबेत ठेवले जाते. नाळेतील रक्त साठवून ठेवण्यासाठीही नाळ लवकर बांधण्याचा आग्रह कुटुंबीयांनी धरू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या रक्ताचा पहिला हक्क बाळाचाच आहे.