चेनसॉ सुरू होत नाही? दुरुस्तीपूर्वी करावयाची क्रमवार तपासणी

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान धडकले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील पट्टुकोट्टै, पेरावुरणी व ओरत्तनाडु परिसरातील नारळबागा त्यात आडव्या झाल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन व मुरुड भागांतील नारळ-सुपारीच्या बागांची अशीच दशा केली. अशा वेळी पडलेली झाडे लवकर तोडून हलविणे आवश्यक असते, कारण कुजणाऱ्या नारळाच्या खोडांत गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि वाचलेल्या माडांनाही त्याचा उपद्रव पोहोचतो. नेमक्या याच वेळी महिनोन्महिने पडून राहिलेला चेनसॉ सुरू होत नाही, असा अनुभव येतो.

कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेल्या कुंभकोणमच्या परिसरात या अडचणीचे कारण हवामानातही दडलेले आहे. तेथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो व वादळांचा काळही तोच असतो. कडक उन्हाळ्यात टाकीतील इंधन खराब होते आणि पुढे दमट हवेत यंत्राची गरज पडते. कोकणातील बागायतदारांनाही हे तितकेच लागू आहे.

प्रथम सुरक्षितता

यंत्र सपाट जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, मागील मुठीत बूट रोवून मगच दोरी ओढावी. हातात लोंबकळत धरून यंत्र सुरू करू नये. कोणताही भाग उघडण्यापूर्वी स्विच बंद करावा व प्लगची टोपी काढावी.

प्लग ओला की कोरडा?

टू-स्ट्रोक इंजिनास इंधन, हवा, ठिणगी व दाब या चार गोष्टी लागतात. यांपैकी कोणती कमी आहे, हे ओळखण्याची सुरुवात स्पार्क प्लगपासून करावी. स्विच व चोक योग्य जागी ठेवून सात-आठ वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढून पाहावा.

*प्लग ओला असल्यास* सिलिंडरमध्ये इंधन पोहोचत आहे. बहुधा ते प्रमाणाबाहेर साचले आहे. इंजिनाने पहिला ‘फट्’ असा आवाज दिल्यानंतरही चोक बंदच ठेवून दोरी ओढत राहणे, हे याचे नेहमीचे कारण होय. चोक उघडावा, प्लग काढलेल्या स्थितीत स्विच बंद ठेवून दोरी काही वेळा ओढावी, प्लग पुसून कोरडा करावा व पुन्हा बसवावा. तरीही यंत्र सुरू न झाल्यास ठिणगी तपासावी. सांडलेले इंधन पुसून घ्यावे, प्लग टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग प्लगच्या छिद्रापासून दूर सिलिंडरला टेकवावा, स्विच चालू स्थितीत आणावा व दोरी ओढावी. ठिणगी न दिसल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा. प्लगच्या टोकांतील अंतर बहुतेक यंत्रांत सुमारे ०.५ मि.मी. असते. नव्या प्लगनेही ठिणगी न आल्यास स्विचची तार अथवा कॉइल सदोष आहे.

*प्लग कोरडा असल्यास* इंधनाची वाट अडलेली आहे. टाकीतील जुने इंधन काढून टाकावे, नळीच्या टोकाचा फिल्टर बदलावा व नळीस चीर गेली आहे का ते पाहावे. एवढे करूनही इंधन येत नसेल, तर कार्बोरेटरमधील पडदा कडक झालेला असण्याचा संभव असतो.

सुरू होऊन बंद पडत असल्यास

- काही मिनिटांनी बंद पडते व टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालते: टाकीचे हवाछिद्र बुजले आहे.
- तापल्यावर बंद पडते व थंड झाल्यावरच सुरू होते: कॉइल तपासून घ्यावी.
- धूर अधिक व जोर कमी: एअर फिल्टर किंवा सायलेन्सरची जाळी काजळीने भरली आहे.
- मोकळे चालते, कापताना दबते: साखळीची धार व ताण पाहावा. वादळात उन्मळलेल्या माडाच्या बुंध्याला माती व वाळू चिकटलेली असते. तिने धार लवकर जाते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

कार्बोरेटरचे स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावेत. इंधन कमी पडेल असे स्क्रू आवळल्यास इंजिन अतितप्त होऊन पिस्टन ओरखडला जातो. दोरी नेहमीपेक्षा अगदी हलकी ओढली जात असेल, तर दाब गेला आहे असे समजावे व यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे.

इंधन व साठवण

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५०:१ प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलमध्ये २० मि.लि., तर २५:१ साठी ४० मि.लि. टू-स्ट्रोक तेल लागते. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी वाढल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. नळीचे टोक टाकीच्या तळाशीच असल्याने कार्बोरेटरमध्ये प्रथम हेच पाणी शिरते. म्हणून महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे व ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सप्टेंबरमध्ये आणि कोकणात मे महिन्याच्या प्रारंभी गावातील सर्व चेनसॉ एकत्र आणून एकदा चालवून घ्यावेत. त्या दिवशी एक नवा प्लग, इंधन फिल्टर, कानस व ताजे मिश्रण जवळ ठेवावे. वादळानंतर रस्ते बंद असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. तेव्हा आधी केलेली ही तपासणीच बागेच्या कामी येते.