वर्दीनंतर बिझनेस स्कूल : नगरहून निघणाऱ्या अधिकारी कुटुंबांसाठी

नगर हे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथलंच. त्यामुळे देशभरातले अधिकारी कधी ना कधी या गावात राहून जातात, आणि जिल्ह्यातली मुलंमुलीही एनडीए किंवा चेन्नईच्या ओटीएमधून अधिकारी होतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची दहा, फार तर चौदा वर्षांनी सुटका होते. तेव्हा वय तिशी-पस्तिशीचं असतं, घरात लहान मूल असतं आणि पेन्शन नसते. त्यातले काही जण परदेशी एमबीएचा विचार करतात आणि लंडन, न्यू जर्सी, सिंगापूरच्या मराठी घरांत फोन वाजू लागतो. या घरांनी वेळोवेळी सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे. सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर आहे : फौजेत पुढची पोस्टिंग वरून येते, इथे ती तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी मिळून ठरवायची असते. ते नीट ठरलं की अर्ज लिहायला सोपा जातो.

आधी घर, मग देश, मग शाळा

बहुतेक जण क्रमवारीच्या यादीपासून सुरुवात करतात. तुम्ही व्हिसापासून करा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर कुटुंब येऊ शकतं, मुलं शाळेत जाऊ शकतात, पण जोडीदाराला नोकरी करता येत नाही. ज्या जोडीदाराने दर बदलीला आपली नोकरी सोडून नवं घर मांडलं, त्याला किंवा तिला पुन्हा दोन वर्षं थांबायला सांगणं ही लहान गोष्ट नाही. हे बोलणं अर्जाआधी व्हायला हवं, ॲडमिशन मिळाल्यावर नव्हे. काही घरांनी याच कारणासाठी इन्सिआडचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम निवडला : दुरावा सोसायचा तर कमी काळ.

देशातला पर्यायही मोकळ्या मनाने तपासा. हैदराबाद आणि मोहालीचं आयएसबी एका वर्षात शिक्षण पुरं करतं. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, आयआयएममध्ये अधिकाऱ्यांसाठी सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालवतं. ते एमबीए नव्हे, पण ताळेबंद आणि मार्केटिंगची ओळख त्यातून चांगली होते.

कागदपत्रं

सेवेत असताना अर्ज करायचा तर युनिटमार्फत रीतसर परवानगी घ्या आणि सुटकेची तारीख व वर्ग सुरू होण्याची तारीख यांत पुरेसं अंतर ठेवा. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरी जानेवारीत असते. वर्ग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात. म्हणजे तयारी वर्ष-दीड वर्ष आधी सुरू व्हायला हवी.

एनडीएतून आलेल्यांची पदवी दिल्लीच्या जेएनयूची असते. गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती तिथूनच मागवाव्या लागतात, म्हणून हे काम पहिलं करा. शिफारसपत्र देणाऱ्याने ते स्वतः ऑनलाइन भरायचं असतं. तुमचे सीओ दुर्गम ठिकाणी असतील तर त्यांना आधीच कल्पना द्या आणि तुम्ही एकत्र केलेल्या दोन-तीन कामांची आठवण लिहून पाठवा. एसीआर गोपनीय असतो, तो कुठेही जोडायचा नाही. तैनातीची ठिकाणं, शस्त्रसामग्री, संख्याबळ यांतलं काहीही निबंधात येऊ देऊ नका. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट सुटकेनंतरही लागू असतो.

जीमॅट आता सव्वादोन तासांची, ४५ मिनिटांच्या तीन भागांची परीक्षा आहे. गुण पाच वर्षं चालतात, तेव्हा शांत पोस्टिंग मिळताच ती देऊन टाका.

सीव्ही आणि निबंध

‘स्क्वाड्रन टूआयसी, केके रेंजवर ॲन्युअल फायरिंग कंडक्ट केलं’ ही ओळ नगरच्या मेसमध्ये सगळ्यांना कळते, बॉस्टनमध्ये कुणालाच नाही. तीच अशी लिहा : ‘सुमारे शंभर जणांच्या पथकाचा उपप्रमुख. वार्षिक गोळीबार सरावाची आखणी, दारूगोळ्याचा हिशेब आणि सुरक्षितता माझ्याकडे होती. सराव एकही अपघात न होता वेळेत पार पडला.’ मग ती ओळ बँकेतल्या किंवा दुकान चालवणाऱ्या नातेवाइकाला वाचायला द्या. जिथे तो अडेल, तिथे दुरुस्ती करा.

निबंधात शौर्यापेक्षा निर्णय दाखवा : माहिती अपुरी होती, मी हे ठरवलं, असं झालं, त्यातून हे शिकलो. मुलाखतीत हमखास विचारतात की तुमचा हुकूम चालत नव्हता तिथे तुम्ही काम कसं करून घेतलंत. उत्तर तुमच्याकडे असतं. पुराच्या वेळी तहसीलदार आणि गावकऱ्यांशी जुळवून घेतलं असेल, कंत्राटदाराकडून रस्ता पुरा करून घेतला असेल, ते सांगा. आणि ‘एमबीए कशासाठी?’ याला ‘नेतृत्वगुण वापरायचे आहेत’ हे उत्तर पुरत नाही. कोणतं क्षेत्र, कोणतं काम, आणि त्यासाठी आज तुम्हाला काय येत नाही, हे एका दमात सांगता यायला हवं.

पैसे

हार्वर्डची नुसती ट्यूशन फी वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं-विमा वेगळा. अमेरिकन सैनिकांना मिळणारा जीआय बिल तुम्हाला लागू नाही, त्या भरवशावर गणित मांडू नका. जिल्ह्यातल्या घरांची खरी मालमत्ता सातबाऱ्यावर असते, पण सर्फेसी कायद्याच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका शैक्षणिक कर्जाला ती सहसा तारण धरत नाहीत. एनए प्लॉट, फ्लॅट किंवा ठेव काय आहे ते आधी पाहा. विनातारण कर्ज देणाऱ्या संस्थाही आहेत, त्यांचं व्याज नीट ताडून घ्या. सुटकेच्या वेळी हाती येणारी सगळी रक्कम फीत घालू नका. नोकरी लागायला उशीर झाला तर घर चालेल इतकी बाजूला राहू द्या.

माणसं

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. मंडळं नोकरी लावत नाहीत, पण तिथे बँकेत, कन्सल्टिंगमध्ये, कारखान्यांत वीस-वीस वर्षं काढलेली माणसं भेटतात. बऱ्याच शाळांत माजी सैनिकांचे क्लबही असतात. दोघांनाही अर्ज करण्याआधीच लिहा : तुमची चार ओळींची ओळख, पुढे काय करायचं आहे ते, आणि एक नेमका प्रश्न. एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सराव मुलाखत घ्यायला माणूस मिळतो. त्या कॉलला जोडीदारालाही बसवा, कारण तिथल्या भाड्याचे, शाळांचे आणि थंडीतल्या एकटेपणाचे प्रश्न त्यांचे असतात, आणि त्यांची उत्तरं मिळाल्यावरच निर्णय दोघांचा होतो.